दिवसांचा हिशेब : अनियमित पाळी आणि बाळंतपणाची तारीख

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात महिला विभागाच्या सभेपुढे ज्ञातीतील एका निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनींनी दिलेले व्याख्यान)



महिला विभागाच्या चिटणीसबाईंचे पत्र मला आले, त्यात ‘स्त्रियांच्या आरोग्याविषयी आपणांस योग्य वाटेल ते बोलावे’ असे लिहिले होते. अशी मोकळीक वक्त्याला क्वचितच मिळते. तिचा फायदा घेऊन मी आज असा विषय निवडला आहे की, जो आपल्या घरांत माजघराच्या उंबरठ्याबाहेर सहसा येत नाही. स्त्रीची पाळी अनियमित असेल तर गर्भ केव्हा राहिला आणि बाळंतपण केव्हा होणार, ह्याचा अदमास कसा घ्यावयाचा, हा तो विषय होय. सभागृहाच्या मागील बाजूस पुरुषमंडळी बसलेली आहेत. विषयाचे नाव कानी पडताच त्यांच्यापैकी दोघे-तिघे चहाची व्यवस्था पाहावयास निघाल्याचे मला येथून दिसते आहे. त्यांनी कृपा करून बसावे. चहाला अजून अवकाश आहे, आणि मी सांगणार आहे त्यातील निम्मे त्यांच्याकरिताच आहे. प्रा. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले, आणि असल्या विषयांवर उघडपणे लिहिल्याबद्दल त्यांना पुढे कोर्टाची पायरी चढावी लागली. मला तसे काही भय नाही; फार तर पुढल्या वर्षी मंडळाचे बोलावणे येणार नाही.

आरंभी एक हकीकत सांगते. नावगाव सांगणार नाही, आणि त्या घरचे कोणी येथे बसले असल्यास इतरांस ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आपली ज्ञाती लहान आहे. एका घरी निघालेला शब्द दुसऱ्या घरी पोहोचावयास टपालाची गरज लागत नाही.

मुलगा व्यापारी जहाजावर नोकरीस होता. लग्नाला दीड वर्ष झालेले. वर्षातील सात-आठ महिने तो दर्यावर व उरलेले घरी, असा क्रम. त्याच्या पत्नीची पाळी १ जानेवारीस आली. मुलगा २८ जानेवारीस घरी परतला. पुढे पाळी आली नाही, आणि मार्चच्या आरंभी सूनबाईंनी आरोग्य केंद्रात नाव नोंदविले. तेथे रीतीप्रमाणे शेवटच्या पाळीची तारीख विचारण्यात आली, आणि माता व बाल संरक्षण कार्डावर प्रसूतीची अपेक्षित तारीख ८ ऑक्टोबर अशी लिहिली गेली. सासूबाई निवृत्त शिक्षिका, गणित पक्के. त्यांनी कार्ड हातात घेतले, बोटांवर महिने मोजीत मागे आल्या आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येऊन थांबल्या. त्या वेळी मुलगा समुद्रावर होता. तीन दिवस त्या घरात स्वयंपाक झाला, पाने वाढली गेली, पण कोणी कोणाशी बोलले नाही. चौथ्या दिवशी मुलीच्या माहेरी निरोप गेला की, येऊन मुलीला घेऊन जावे.

मुलीच्या वडिलांनी एवढे शहाणपण केले की, तिला घरी नेण्याऐवजी दोन्ही घरच्या मंडळींना घेऊन ते माझ्याकडे आले. सासूबाईंनी ते कार्ड माझ्या मेजावर ठेवले आणि म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, हा सरकारी कागद आहे. ह्यात खोटे काय आहे, तेवढे मला सांगा.”

त्या कागदात खोटे काहीच नव्हते. पाळीची तारीख खरी होती. नियमही बरोबर लावला होता. मग चूक कोठे होती, हे समजण्याकरिता तो नियम काय आहे, हे पाहिले पाहिजे.

गर्भारपणाचे दिवस मोजण्याचा सर्वत्र रूढ असलेला नियम जर्मनीतील हायडेलबर्ग येथील प्रसूतिशास्त्रज्ञ फ्रान्झ नेगेले (१७७८–१८५१) यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांच्याही पूर्वी हॉलंडमधील लायडेनचे हेर्मान बुरहावे यांनी तशाच अर्थाचे सांगून ठेवले होते. शेवटच्या पाळीच्या तारखेत नऊ महिने व सात दिवस मिळवावे, की बाळंतपणाची अपेक्षित तारीख येते. पाळी १० जूनला आली असेल तर पुढील १७ मार्च. एकूण दिवस सुमारे २८० म्हणजे ४० आठवडे. गंमत अशी की, ही तारीख पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरावयाची की शेवटच्या, हे नेगेले यांनी स्पष्ट केलेले नव्हते. पहिला दिवस धरण्याची प्रथा मागाहून पक्की झाली. आपल्या आज्या जे ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणत, तेही इंग्रजी महिन्यांनी मोजले तर २८३ दिवसांच्या आसपास जाते. म्हणजे हायडेलबर्गचे प्राध्यापक आणि आपल्याकडील सुईण ह्यांचे ह्या बाबतीत फारसे मतभेद नव्हते.

मात्र पंचांगाने मोजणाऱ्यांनी जरा जपावे. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा असतो, म्हणून पंचांगाचे नऊ महिने म्हणजे २६६ दिवसच होतात. त्यात अधिक मास आला, आणि तो लक्षात न घेता महिन्यांची नावे मोजली, तर सगळाच घोटाळा होतो. २०२३ साली श्रावण अधिक होता. त्या वर्षीच्या आषाढी एकादशीस, म्हणजे २९ जूनला, जिची शेवटची पाळी आली असेल तिची तारीख नेगेले यांच्या नियमाने ५ एप्रिल २०२४, म्हणजे गुढीपाडव्याच्या चार दिवस आधी येते. आषाढ-श्रावण अशी नावे घेत नऊ महिने नऊ दिवस मोजणाऱ्या आजीबाई मात्र चैत्र वद्यात, एप्रिलच्या अखेरीस पोहोचतात. मुलगी पाडव्याआधीच बाळंत झाली की त्या म्हणणार, “अपुऱ्या दिवसांचे झाले हो!” असे शेरे मी माझ्या प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात अनेकदा ऐकले आहेत. असो.

मुख्य गोष्ट अशी की, हा नियम पाळीपासून मोजतो. पण गर्भ काही पाळीच्या दिवशी राहत नाही. बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडते, ते फार तर एक दिवस जिवंत असते, आणि तेवढ्या अवधीत त्याचा पुरुषबीजाशी संयोग झाला तरच गर्भ राहतो. पाळी दर २८ दिवसांनी येत असेल तर हे स्त्रीबीज साधारण चौदाव्या दिवशी बाहेर पडते. नियमाच्या पोटात हे २८ आणि १४ चे आकडे गृहीत धरलेले आहेत. म्हणूनच डॉक्टर जेव्हा ‘दहा आठवडे झाले’ असे म्हणतात, तेव्हा गर्भाचे खरे वय आठ आठवड्यांचे असते. पहिले दोन आठवडे हे गर्भ राहण्यापूर्वीचे असून केवळ मोजणीच्या सोयीखातर त्यात धरलेले असतात. ही एवढी गोष्ट माहीत नसल्यामुळे, ज्यांची पाळी घड्याळासारखी येते अशा मुलींनाही सोसावे लागलेले मी पाहिले आहे. लग्न होऊन आठ आठवडे झालेले, सोनोग्राफीचा कागद म्हणतो दहा आठवडे, आणि घरातील वडीलधारी माणसे त्या दोन आठवड्यांकडे बोट दाखवितात!

आता ज्यांची पाळी अनियमित आहे त्यांचे काय होते, ते पाहू. इ. स. १९२० नंतरच्या दशकात जपानमध्ये क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियात हेर्मान क्नाउस या दोघांनी स्वतंत्रपणे असे दाखवून दिले की, स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस मागील पाळीपासून नव्हे, तर पुढील पाळीपासून उलट मोजावयास हवा. बीज बाहेर पडल्यानंतर पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेक स्त्रियांत सुमारे दोन आठवड्यांचाच असतो. दोन-तीन दिवस मागे-पुढे. जे लांबते-आखडते ते त्यापूर्वीचे दिवस. पाळी ३५ दिवसांनी येणाऱ्या स्त्रीचे बीज एकविसाव्या दिवसाच्या सुमारास बाहेर पडते, ४२ दिवसांवाली असेल तर अठ्ठाविसाव्या. आपल्या जुन्या ग्रंथांतून ऋतुकाल सांगितला आहे; मनुस्मृतीत तो सोळा रात्रींचा आहे. नियमित पाळीच्या स्त्रीला तो हिशेब पुष्कळ अंशी लागू पडतो. पण बेचाळीस दिवसांच्या पाळीच्या स्त्रीने तो पाळला तर तिची वेळ येण्यापूर्वीच तिचा ऋतुकाल ग्रंथाच्या हिशेबाने संपून गेलेला असतो. आणि ग्रंथांनाच दोष का द्यावा? हल्लीच्या मुली मोबाईलमधील ज्या अ‍ॅपवर भिस्त ठेवतात, त्यांतील पुष्कळशी मागील तारखांची सरासरी काढून असाच ठोकताळा सांगतात. अमेरिकेतील विल्कॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, गर्भ राहण्याजोगे सर्व दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसांच्या आतच पडतात अशा स्त्रिया सुमारे ३० टक्केच आढळल्या. त्यांत पाळी नियमित असल्याचे सांगणाऱ्याही पुष्कळ होत्या.

तेव्हा पाळी जिची मागे-पुढे होते तिने तारखेऐवजी अवधी धरावा. मागील सहा-आठ महिन्यांतील सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब पाळी किती दिवसांची होती, ते पाहावे. समजा, ती २७ पासून ४५ दिवसांपर्यंत हेलकावे खाते. दोन्ही आकड्यांतून १४ वजा करता, स्त्रीबीज तेराव्या ते एकतिसाव्या दिवसांच्या दरम्यान केव्हातरी बाहेर पडले असावे, असे म्हणता येते. शेवटची पाळी १ मार्चला आली असेल तर गर्भ १३ मार्च ते ३१ मार्च ह्या अवधीत राहिला असावा. त्यात २६६ दिवस मिळविले की, बाळंतपण ४ डिसेंबर ते २२ डिसेंबर ह्यांच्या आसपास येते. नेगेले यांचा नियम येथे ८ डिसेंबर हा एकच दिवस सांगून मोकळा होतो. हा अवधी म्हणजेही अखेर अदमासच. कारण जी पाळी आलीच नाही ती किती लांबली असती, हे कोणी सांगावे? ज्या आपल्या प्रकृतीची टिपणे ठेवतात त्यांना आणखी काही खुणा सापडतात. बीज बाहेर पडण्याच्या सुमारास अंगावरून जाणारा स्राव पातळ, पारदर्शक आणि तार येणारा होतो. ते बाहेर पडल्यानंतर सकाळचे अंगाचे उष्णतामान किंचित चढते व पाळी येईपर्यंत तसेच राहते. औषधाच्या दुकानात लघवी तपासण्याच्या पट्ट्याही मिळतात. परंतु ज्या मुलींना पीसीओएस आहे, आणि अनियमित पाळीचे ते एक मोठेच कारण आहे, त्यांच्यात ह्या पट्ट्या कित्येकदा फसव्या ठरतात. ज्या संप्रेरकावरून पट्टी निर्णय देते, त्याचे प्रमाण त्यांच्या शरीरात मुळातच चढलेले असू शकते.

मूल अंगावर पीत असताना मध्ये एकही पाळी न येता पुन्हा दिवस राहतात, तिला तर मोजावयास तारीखच नसते. आणि गर्भ राहिल्यावर आरंभी थोडासा रक्तस्राव झाला व तिने त्यालाच पाळी समजून तारीख सांगितली, तर हिशेब महिनाभर उलट दिशेने चुकतो.

ह्या सर्वांवर उपाय आहे, आणि तो आता आपल्या तालुक्याच्या गावांतूनही मिळतो. ग्लासगोचे इयान डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने गर्भाशयातील गर्भ पाहता येतो, हे १९५८ साली जगापुढे मांडले. त्याच शहरात ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ साली गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून त्याचे वय ठरविण्याची रीत प्रसिद्ध केली. पहिल्या तीन महिन्यांत सर्व गर्भ जवळजवळ एकाच गतीने वाढतात. आई धिप्पाड असो की किरकोळ, मुलगा असो की मुलगी, आठव्या आठवड्यातील गर्भ हा आठव्या आठवड्याच्याच मापाचा असतो. पुढे मात्र वाढीवर घराण्याची चण, आईचे पोषण, रक्तदाब, वारेची शक्ती ह्या सर्वांचा परिणाम होतो आणि मापावरून वय सांगणे अवघड होत जाते. म्हणून चौदावा आठवडा लागण्यापूर्वीच्या सोनोग्राफीने पाच ते सात दिवसांच्या फरकाने तारीख सांगता येते, तर शेवटच्या तीन महिन्यांत तीच सोनोग्राफी तीन आठवड्यांनीही चुकू शकते. (मुलगा की मुलगी, हे विचारण्याकरिता ही तपासणी नाही. तसे विचारणे व सांगणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. हे येथे सांगावे लागते, ह्याचाच मला खेद होतो.)

आता त्या मुलीकडे वळते. १२ मार्चला मी तिची सोनोग्राफी करविली. कार्डाप्रमाणे त्या दिवशी बरोबर दहा आठवडे व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात गर्भ सात मिलिमीटरचा होता, हृदयाची धडधड स्पष्ट दिसत होती, आणि मोजणीप्रमाणे वय निघाले ६ आठवडे ४ दिवस. मी तो कागद सासूबाईंपुढे ठेवला. त्यांनी पुन्हा बोटे मोजली. ६ आठवडे ४ दिवस म्हणजे ४६ दिवस. १२ मार्चपासून ४६ दिवस मागे गेल्यास २५ जानेवारी येते. त्या म्हणाल्या, “तरीसुद्धा तीन दिवस आधीच!” मुलगा २८ ला आला होता ना!

मला सांगावयास हरकत नाही की, त्या क्षणी मला त्या बाईंचा रागही आला आणि कीवही आली. त्यांचे गणित पुन्हा बरोबर होते. मघाशी सांगितलेले दोन आठवडे तेवढे त्यांना ठाऊक नव्हते. २५ जानेवारी हा गर्भ राहण्याचा दिवस नव्हता. पाळी २८ दिवसांची असती तर ती ज्या दिवशी आली असती तो कल्पित दिवस होता. त्यात चौदा दिवस मिळविले की ८ फेब्रुवारी येते. म्हणजे मुलगा घरी आल्यानंतर अकरा दिवसांनी. त्या मुलीचे बीज त्या वेळी एकोणचाळिसाव्या दिवशी बाहेर पडले होते, आणि तिला वयात आल्यापासून कधी सव्वा महिन्याने, कधी दोन महिन्यांनी पाळी येत होती, हे तिच्या आईला माहीत होते. पण लग्न ठरविताना असल्या गोष्टी कोण सांगणार? मी कार्डावरील तारीख खोडून १ नोव्हेंबर लिहिली व खाली सही केली. मूल २७ ऑक्टोबरला झाले, पुऱ्या दिवसांचे आणि पावणेतीन किलोंचे. बारशाचे पेढे मला मिळाले, ते मुलीच्या माहेरहून आले. सासूबाईंनी सुनेजवळ काही बोलून दाखविले की नाही, ते मला ठाऊक नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. नाहीतर माझ्या बोलण्याचा विपरीत अर्थ घेतला जाईल. सोनोग्राफी हे चारित्र्याचे प्रशस्तिपत्र नव्हे आणि आरोपपत्रही नव्हे. चार-पाच दिवसांचा फरक तिला ओळखता येत नाही. शिवाय पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकून राहू शकते, त्यामुळे संबंधाचा दिवस आणि गर्भ राहण्याचा दिवस हे वेगवेगळे असू शकतात. ज्यांना ह्या कागदांवरून न्यायनिवाडा करावयाचा असेल, त्यांनी निदान मोजणी कोठून सुरू होते एवढे तरी आधी शिकून घ्यावे.

तारीख चुकल्याने केवळ घरे बिघडतात असे नाही, जीवही जातात. दिवस कमी झालेले असताना जास्त समजले गेले, तर आरंभीच्या सोनोग्राफीत ‘सात आठवडे झाले तरी ठोके दिसत नाहीत, गर्भ वाढत नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि बाई पिशवी धुऊन घ्यावयास निघते. प्रत्यक्षात तो गर्भ पाचच आठवड्यांचा असतो, ठोके अजून दिसावयाचेच असतात. गर्भ सात मिलिमीटरचा होऊनही ठोके नसतील, किंवा गर्भाची पिशवी पंचवीस मिलिमीटरची होऊनही तीत गर्भ दिसत नसेल, तरच गर्भ गेला असे एका तपासणीवरून म्हणावे. एरवी आठ-दहा दिवस थांबून पुन्हा पाहावे, असा संकेत आता सर्वमान्य आहे. बाईच्या जिवाला धोका नसेल तर ते आठ-दहा दिवस थांबावयास कोणी सांगितले म्हणून कंटाळू नये.

दुसरे उदाहरण माझे स्वतःचे आहे. १९८० नंतरची ती पहिली दोन-तीन वर्षे होती. कोकणातील तालुक्याच्या गावी मी नुकताच दवाखाना घातला होता. सोनोग्राफीचे यंत्र तेव्हा आमच्या बाजूला आलेले नव्हते. एक बाई आली. तारीख तिने अगदी पक्की सांगितली: दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाहेरची झाले होते. त्या हिशेबाने दिवस भरून वर दहा दिवस उलटले होते. पोटावर हात ठेवला तेव्हा गर्भाशयाची उंची मला कमी वाटली होती, हे आजही आठवते. परंतु तारीख पक्की होती, आणि मी तरुण होते. मी सलाईनमधून औषध देऊन कळा आणल्या. मुलगी झाली ती जेमतेम दोन किलोंची, पाठीवर मऊ लव, तळपायावर रेषा नाहीत. अशी लक्षणे अपुऱ्या दिवसांच्या मुलात असतात. तिला श्वास घेता येईना. बाहेर भर पावसाळा; जिल्ह्याच्या गावी न्यावयास जीप मिळाली ती दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या रात्री ती गेली. मागाहून त्या बाईजवळ बसून मी जे आधी विचारावयास हवे होते ते विचारले. तिची पाळी दोन-अडीच महिन्यांनी येत असे. ‘शेवटची पाळी केव्हा आली’ हे मी विचारले होते. ‘पाळी किती दिवसांनी येते’ हे विचारले नव्हते. तिने मला दोष दिला नाही. आमच्याकडे अशा वेळी माणसे नशिबाचे नाव घेतात. पण त्यानंतर माझ्याकडे आलेल्या एकाही गरोदर बाईला तो दुसरा प्रश्न विचारल्यावाचून मी कागदावर तारीख लिहिली नाही.

अपेक्षित तारीख अचूक काढली म्हणजे मूल त्याच दिवशी जन्मेल, असेही कोणी समजू नये. बरोबर त्या दिवशी जन्मणारी मुले शंभरांत चार-पाचच असतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, ज्यांचा बीज बाहेर पडण्याचा दिवस लघवीतील संप्रेरकांवरून ठाऊक होता, अशा सव्वाशे गर्भारपणांची पाहणी केली होती. तेथून जन्मापर्यंतचे मध्यम अंतर २६८ दिवस निघाले. पण अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे वगळूनही बाई-बाईत पाच आठवड्यांहून अधिक फरक आढळला. तेव्हा डोहाळजेवणाचा मुहूर्त आणि जावयाची रजा जरा सैल ठेवणे बरे.

हल्ली घरोघरी एक नवा गोंधळ माजतो, त्याविषयी सांगते आणि मग आवरते घेते. गरोदरपणात तीन-चार सोनोग्राफी होतात आणि प्रत्येक कागदावर यंत्र एक नवी तारीख छापते. एका कागदावर १० मे, दुसऱ्यावर १६ मे, तिसऱ्यावर २९ मे. घरची मंडळी शेवटच्या कागदाला सर्वांत ताजा म्हणून मान देतात. हे अगदी उलट आहे. पहिल्या तीन महिन्यांतील पहिल्या चांगल्या सोनोग्राफीने जी तारीख ठरली, ती पुढे बदलावयाची नाही. नंतरच्या कागदात गर्भ लहान दिसला तर ‘तारीख चुकली असेल’ असे समजून स्वस्थ बसणे घातक होय. कदाचित गर्भाची वाढच खुंटलेली असेल, आणि तारीख पुढे ढकलली की ते दुखणे झाकले जाते. पाळीची तारीख आणि पहिली सोनोग्राफी ह्यांत फरक आला, तर कोणती धरावी, ह्यासंबंधी अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली दिलेला दंडक डॉक्टरांना ठाऊक असतो: नऊ आठवड्यांच्या आत पाच दिवसांहून अधिक आणि त्यानंतर चौदाव्या आठवड्यापूर्वी सात दिवसांहून अधिक फरक असेल तर सोनोग्राफीची धरावी. ज्यांना उपचारांनी, प्रयोगशाळेत वाढविलेला गर्भ गर्भाशयात सोडून दिवस राहिले आहेत, त्यांचा प्रश्नच नाही. पाच दिवसांचा गर्भ सोडला असेल तर त्या तारखेपासून २६१ दिवस मोजावे, की झाले.

घरी करावयाचे काम एवढेच आहे. दिनदर्शिकेवर दूधवाल्याचे खाडे मांडतो, त्याच दिनदर्शिकेवर पाळीच्या पहिल्या दिवसाला एक फुली करावी. ज्या मुलींची पाळी चोवीस ते अडतीस दिवसांच्या बाहेर वरचेवर जाते, त्यांनी लग्नापूर्वीच डॉक्टरांना दाखवून घ्यावे, म्हणजे थायरॉईड किंवा तत्सम कारण असल्यास ते हाती लागते. आणि तसे दाखविले म्हणून स्थळ मोडण्याचे काही कारण नाही, हे आमच्या वधूवर सूचक समितीनेही लक्षात घ्यावे. पाळी चुकली की लघवीची तपासणी करावी, आणि पाळी अनियमित असेल तर तसे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. त्यांनी विचारले नाही तरी सांगावे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी रुग्णालयांत विनामूल्य तपासणी होते. मात्र ती चौथ्या महिन्यापासूनच्या स्त्रियांकरिता असल्यामुळे तारीख ठरविण्यासाठी त्या दिवसाची वाट पाहत बसू नये. नाव आरंभीच नोंदवावे.

माझा वेळ संपल्याची चिठ्ठी अध्यक्षीणबाईंनी मघाच पाठविली आहे. भोजनोत्तर संगीताचा कार्यक्रम आहे. तेवढा वेळ मी मागील वाचनालयाच्या खोलीत बसणार आहे. कोणास काही विचारावयाचे असेल, त्यांनी अवश्य यावे. मुलींनी एकेकटे यावे. सासूबाईंना यावेसे वाटले तर त्यांनीही यावे, पण सुनेबरोबर नव्हे, तिच्यानंतर.